कापराच्या लाकडाचे भोवरे

व्हिपबर्ड क्रीकच्या बाजारात डिसेंबरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हात हातमोजे घालून बसणारी एकच बाई होती. व्हॅल्मे पेंगेली. मोजे पांढरे, सुती, मनगटाच्या वरपर्यंत ओढलेले. कुणी विचारलंच तर तिचा नवरा क्लॅरी तिच्याआधी तोंड उघडायचा, "इसब आहे हो तिला. भांडी घासून घासून झालंय." लोक "अरेरे" म्हणून पुढच्या स्टॉलकडे वळायचे. इसब कसलं नि काय! आत सुताराचे हात होते. बोटांना घट्टे, नखांत मेण, अंगठ्यावर पटाशीचा जुना वण. ते कुणाला दिसता कामा नयेत हा क्लॅरीचा हुकूम होता, आणि बाईने तो तीन उन्हाळे मुकाट्याने पाळला.

कारण आमच्या बाजाराचा कायदा. स्वतः पिकवलेलं, भाजलेलं, घडवलेलं असेल तरच विकायचं. जो घडवतो त्याचंच नाव पाटीवर, आणि स्टॉलवर मुख्य जागी तोच बसणार. दुसऱ्याचा माल आणलात की चालते व्हा. प्लास्टिकचं तर नावच काढू नका. मागे एकाने मधाच्या बाटलीला प्लास्टिकचं बूच लावलं, तर त्याने कुणाचं पोर धरणात ढकलल्यासारखे लोक त्याच्याकडे बघत होते. अशा बाजारात क्लॅरी पेंगेलीचा खेळण्यांचा स्टॉल म्हणजे देवघरच झालं होतं. भोवरे, खुळखुळे, दात येणाऱ्या बाळांसाठी कड्या, एकात एक बसणाऱ्या वाट्या. सगळं कापराच्या लाकडाचं. हे झाड आमच्याकडे तणासारखं माजलंय, ओढ्याकाठी दुसरं काही वाढू देत नाही. ते तोडलं तर जंगलावर उपकार, आणि त्याचं खेळणं केलं तर पोरांवर. रंग नाही, वार्निश नाही, वरून फक्त मधमाशीचं मेण.

महागड्या गाडीतून उतरून अनवाणी चालणाऱ्या आया यायच्या आणि विचारायच्या, "बाळाने तोंडात घातलं तर चालेल ना?" क्लॅरी तो खुळखुळा सरळ स्वतःच्या तोंडात घालून कडाकडा चावायचा. "बघा, जिवंत आहे. दात चार कमी असतील, पण ते बायकोच्या हातच्या केकने गेले." आया खिदळायच्या. मुलं त्याच्या पायाशी बसायची, कुठलं झाड कुठल्या वादळात पडलं ते ऐकायची. खेळणीवाला आजोबा म्हणायची त्याला. त्या हाकेवर माणूस जगत होता. पोटच्या मुलीशी मात्र तो कधी धड बोलला नाही. ती अठराव्या वर्षी पर्थला निघून गेली. नाताळला तिचं कार्ड येतं, त्यावर फक्त आईचं नाव असतं.

व्हॅल्मे केळीच्या मळ्यातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न केलं, तेव्हा क्लॅरी लाकडाच्या गिरणीत होता, देखणा आणि तोंडाळ. गिरणी बंद पडल्यावर त्याने परसातल्या शेडमध्ये लेथ, लाकूड कातायचं यंत्र, बसवला आणि खेळणी करायला लागला. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला. पण शेडमध्ये बायकोला फक्त भुसा झाडायला प्रवेश. एकदा तिने एक भोवरा उचलून फिरवून बघितला तर म्हणाला, "ठेव खाली. पिठाच्या गोळ्यांना लाकडाचं काय कळतं?" पिठाचे गोळे म्हणजे तिचे हात. चारचौघांतही म्हणायचा.

मग त्याला कंपवात झाला. आधी चहाचा कप वाजायला लागला, मग पटाशी. एका सकाळी लाकडाचा तुकडा उडून खिडकीची काच फुटली आणि क्लॅरीने पटाशी भिंतीवर फेकून मारली. व्हॅल्मे झाडू घेऊन आत आली. तिने काचा गोळा केल्या, पटाशी उचलली, आणि जाग्यावर ठेवण्याऐवजी लेथपाशी उभी राहिली.

"काय करतेयस?"

"बघते जमतंय का. नाताळच्या बाजाराला काय न्यायचं मग? केक?"

त्याने तिला शिकवलं हे खरं आहे. कसं शिकवलं तेही ऐका. मागे स्टुलावर बसून शिव्या देत. "धार वर! वर म्हणजे आभाळाकडे, गाढवीण! गाईचं दूध काढतेस का?" एखादी कडी जरा वाकडी झाली की चुलीत. चांगली झाली की गप्प. वर्षभरात तो जास्त वेळ गप्प राहायला लागला, आणि ते त्याला शिव्यांपेक्षाही जड जात असणार. तिला मात्र त्या शेडची ओढ लागली होती. साठी ओलांडल्यावर बाईला कळलं की आपल्याला काहीतरी येतं! सकाळी पाचला उठून ती कापराच्या वासात जाऊन उभी राहायची, आणि तिथे असेपर्यंत ती कुणाची बायको नसायची. बाजारचा स्टॉल गेला असता तर हेही गेलं असतं. माल जाणार कुठे? शेडची किल्ली क्लॅरीच्या खिशात, आणि माल खपत नाही म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी कुलूप ठोकलं असतं.

म्हणून मोजे. म्हणून बाजाराच्या सकाळी क्लॅरी स्वतःच्या बोटांवर पॉलिश पेपर घासून घ्यायचा, कामाचे हात दिसावेत म्हणून. कंप लपवायला एक हात मांडीखाली आणि दुसऱ्या हातात घट्ट धरलेला भोवरा. व्हॅल्मे मागे बसून विकलेला माल कापडात गुंडाळून द्यायची. "कारागीर मी, गाठोडी बांधायला ही," असं तो सांगायचा.

नोव्हेंबरच्या बाजारात एका बाईने हट्टच धरला. भोवऱ्यावर मुलाचं नाव कोरून द्या, आत्ता, माझ्यासमोर. क्लॅरीने आधी चष्म्याचं कारण दिलं, मग पटाशीचं, मग तिच्यावरच खेकसला. बाईने जाऊन तक्रार केली. संध्याकाळी बाजार समितीची टॅन्सी आली. टॅन्सी म्हणजे आमची अध्यक्ष. आवाज मधासारखा, आणि त्या आवाजात तिने आजवर तिघांना हाकललंय.

"क्लॅरी, मनाला लावून घेऊ नका हं. पण लोक बोलतात. पुढच्या वेळी लेथ घेऊन या आणि वडाखाली सगळ्यांसमोर एक भोवरा करून दाखवा. तेवढंच. नियम आहे ना."

"आणि नाही दाखवला तर?"

"तर नाताळच्या आधीच तुमचा स्टॉल दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. यादीत कितीतरी जण थांबलेत."

घरी आल्यावर व्हॅल्मेने चहा ठेवला आणि म्हणाली, "सरळ सांगून टाकू या. पाटीवर माझं नाव घालू. तू पुढेच बस, गोष्टी सांग. घरच्या माणसाला बसू देतात मदतीला."

क्लॅरी हसला. असा हसला की तिने किटली खाली ठेवली.

"तुझं नाव? व्हॅल, माझ्या आयुष्याचं काम आहे ते. तू दोन भोवरे काय कातलेस, झालीस कारागीर? माकडालाही शिकवलं असतं मी इतके दिवस बसून."

"मग शिकवायचं होतंस माकडाला."

"माकड उलट बोललं नसतं. ऐक, तुझं नाव त्या पाटीवर लागण्यापेक्षा स्टॉल गेलेला परवडला. शेड विकून टाकीन. समजलं?"

समजलं. तिला सगळं नीट समजलं. तरी महिनाभर ती कातत राहिली, कारण नाताळचा माल हवा होता आणि मनात कुठेतरी आशा होती की ऐन वेळी या माणसाला शरम वाटेल.

बाजाराच्या दिवशी वडाखाली लेथ मांडला. समिती खुर्च्या टाकून बसली, बाकीचे स्टॉलवाले हात पुसत आले. मेणवाला ओटो म्हणाला, "चल क्लॅरी, या बायांना दाखव जरा." क्लॅरीने टोपी सारखी केली आणि पटाशी उचलली. लाकूड फिरायला लागलं. त्याने पटाशी टेकवली मात्र, ती दाणकन अडकली आणि तुकडा उडून टॅन्सीच्या खुर्चीखाली गेला. दुसरा तुकडा लावला. या वेळी हात इतका थरथरत होता की पटाशी लेथच्या लोखंडावरच वाजत राहिली, टक टक टक टक, आणि सगळे खाली बघायला लागले. तिसरा तुकडा लावायला त्याच्या बोटांना जमेचना. कुणीही पुढे झालं नाही. टॅन्सीने तर त्याला पुरता वेळ दिला. मला तर वाटतं मुद्दामच दिला.

"मग ही खेळणी कोण करतं, क्लॅरी?" तिने हळूच विचारलं.

व्हॅल्मे त्याच्याकडे बघत होती. दोन शब्दांचं काम होतं. बायको करते. एवढं बोलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि लोकांनी त्याच्याही पाठीवर हात ठेवला असता.

"हिला विचारा," क्लॅरी म्हणाला. "चीनमधून मागवते ही. खोक्यांनी. मला परवा कळलं. माझ्या आजाराचा फायदा घेतला हिने. मी लाजेपोटी गप्प बसलो."

क्षणभर कुणाला कळेचना काय झालं. मग कळलं, आणि सगळ्या माना व्हॅल्मेकडे वळल्या. एक आई म्हणाली, "माझं बाळ ते चोखतंय हो!" दुसरी म्हणाली, "त्या रंगात काय असतं ठाऊक आहे का?" रंगच नव्हता, पण कोण ऐकतो? ओटो म्हणाला, "म्हातारी, त्या आजारी माणसाला तरी सोडायचं होतंस." कुणीतरी नुकताच घेतलेला खुळखुळा तिच्या पायाशी टाकला. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि तो माणूस टोपीच्या सावलीत तोंड पाडून बसला होता, बायकोने फसवलेला बिचारा नवरा!

व्हॅल्मेने मोजे काढले. आधी डावा, मग उजवा. तिने ते क्लॅरीच्या मांडीवर ठेवले आणि लेथपाशी गेली.

तिने लाकूड लावलं, पटाशीची धार अंगठ्यावर बघितली आणि सुरू केलं. लाकडाच्या लांब लांब वळ्या निघत होत्या, वडाखाली कापराचा वास पसरत होता. पोट गोल झालं, कमर झाली, टोक निघालं. मेणाचा खडा फिरत्या लाकडावर टेकवला, ते चमकलं, आणि एका झटक्यात भोवरा तिच्या तळहातावर. टॅन्सीच्या समोरच्या मेजावर तिने तो दोन बोटांनी फिरवला. तो जागचा हलला नाही. फिरतोय की उभा आहे तेही कळेना.

मग टाळ्या. अर्थात! मघाशी तिच्याकडे बोट दाखवणारे तेच हात. टॅन्सीच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं. "व्हॅल्मे, अहो आधी का नाही बोललात? स्टॉल तुमचा. पाटी आत्ता बदलू. आणि क्लॅरी... झालं गेलं सोडा. घरचं माणूस म्हणून तुमच्या शेजारी बसू देत त्यांना. मुलांनाही सवय आहे."

क्लॅरीने मान वर केली. ओठ ओले केले. "व्हॅल," तो म्हणाला, "मी आपला गोष्टी सांगीन गं."

त्या क्षणी तिला दया आली असती तर मला ती बाई थोर वाटली असती. नाही आली. आणि का यावी?

"नको," व्हॅल्मे म्हणाली. "जो घडवत नाही तो बसत नाही. तुमचाच नियम आहे ना?"

"म्हणजे, घरच्यांना तसा अपवाद..."

"मला नको अपवाद. ओटो, याला गाडीत नेऊन बसव. मघाशी फार कळवळा आला होता ना तुला?"

ओटोने खाली मान घालून क्लॅरीला दंडाला धरलं आणि स्टॉलमागे उभ्या असलेल्या पिकअपमध्ये नेऊन बसवलं. क्लॅरीने खिडकी उघडी ठेवायला सांगितली. गाडीतून स्टॉलवरचं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. दुपारपर्यंत माल निम्मा संपला. व्हॅल्मेने दोनदा चहा घेतला. गाडीत नेऊन दिला नाही. चालवणारी तीच, त्यामुळे किल्लीही तिच्याच खिशात.

तीनच्या सुमारास लांबच्या गावाहून दरवर्षी येणारी एक छोटी आली, आईचं बोट धरून. सकाळचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. स्टॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने नजर फिरवली.

"खेळणीवाला आजोबा कुठाय?"

व्हॅल्मेने हातातली वाटी कापडात गुंडाळली, गाठ मारली, आणि मोठ्याने, मागे गाडीपर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वारला गं."

आईने तोंडावर हात घेतला. पोरगी रडायलाच लागली. व्हॅल्मेने तिला जवळ घेतलं, आपल्या घट्ट्यांच्या बोटांनी तिचे डोळे पुसले आणि तिला सगळ्यात मोठा भोवरा निवडू दिला. मागे पिकअपची काच फिरवायची मूठ खडखडत होती. थांबायची, परत खडखडायची. बराच वेळ लागला त्याला, पण त्या उन्हात त्याने काच पूर्ण वर केली.