दोन सह्यांशिवाय पार्टिशन हलत नाही

विनताकाकू पेन्सिल चाकूने तासतात. चहा टेबलावर कधीच ठेवत नाहीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी बांगड्या कोपराकडे सरकवतात. मग वीजखात्यातल्या ओळखीच्या लाइनमनला फोन लावतात, "भैया, आज शटडाउन तो नहीं है ना?" स्क्रीनवरचा आकडा बदलण्याआधी तो मोठ्यांदा वाचतात. खोलीत कोणी नसलं तरी वाचतात.

जबलपूरच्या रांझी भागात त्यांना बरेच जण ओळखतात. कोणीतरी कॉम्प्युटरवर नवी सिस्टम टाकून देतो आणि निघून जातो. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडताना त्याने एक इवलासा आणि दुसरा अवाढव्य ठेवलेला असतो. काही महिन्यांत इवलासा भरतो. मग लोक काकूंकडे येतात. काकू मधली हद्द सरकवून देतात.

एकदा सराफ्यातले एक दुकानदार घाईघाईत आले. "दीदी, दस मिनट का काम है."

"दस मिनट का है तो भैयाजी, आप ही कर लीजिए ना."

काम होईपर्यंत ते चार तास बसून राहिले.

काकू इथल्या एका फॅक्टरीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये ट्रेसर होत्या. यंत्रांच्या भागांचे नकाशे हाताने गिरवायच्या. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या ट्रेसरांनी स्टोअरमध्ये बदली घेतली. काकूंनी मशीनचं मॅन्युअल घरी नेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन पाच महिने वाचलं. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही. त्या मॅन्युअलमधली एक चूक मात्र त्या आजही पान क्रमांकासकट सांगतात.

मी नागपूरहून मराठीत एम. ए. केलं. परत आल्यावर जबलपूरच्या जुन्या मराठी घरांमध्ये जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. एक्केचाळीस माणसं झाली. त्यातली तिघं आता नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही सिस्टम टाकली ती मामेभाऊ वेदांगने. "तू कविता तर टाइप करणार. सिस्टमला पंचवीस जीबी बहुत झाले," म्हणाला होता. सहा महिन्यांत ते पंचवीस भरले. मार्चमधल्या एका सकाळी पासवर्ड टाकला आणि स्क्रीन पुढे सरकेना. मी लॅपटॉप घेऊन रांझीची बस पकडली.

काकूंनी आधी पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. "ज्या खोलीत उभे आहोत तिचीच भिंत कशी सरकवणार? बाहेर यावं लागतं," म्हणाल्या. मग ग्राफ पेपर काढला. एक लांब आयत. डावीकडे छोटा डबा, सिस्टमचा. उजवीकडे मोठा डबा, माझ्या फायलींचा. नवी हद्द तुटक रेघेने दाखवली. खाली दोन चौकटी केल्या, 'काढणार' आणि 'तपासणार'. फॅक्टरीत या दोन सह्यांशिवाय नकाशा शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, जात नसे. काकूंकडे अजूनही त्या सह्यांशिवाय कुठलं पार्टिशन हलत नाही.

"तपासणार तू. कर सही."

मी पेन उचललं. त्यांनी कागद ओढून घेतला.

"अशी नाही. आधी मला समजावून सांग. काय करून राहिलो आपण?"

"तुम्हीच तर सांगितलं, काकू."

"मी सांगितलं, तू ऐकलं. तपासलं कोणी?"

मी बोट ठेवून सांगायला लागले. "डावा डबा मोठा करायचा. म्हणजे उजव्या डब्याची सुरुवात पुढे न्यायची. म्हणजे आतलं सगळं उचलून पुढे ठेवावं लागणार."

"अच्छा. आतलं म्हणजे?"

"रेकॉर्डिंग. सगळी एक्केचाळीस."

"आणि त्यांची दुसरी कॉपी कुठं आहे?"

"कुठेच नाही."

काकूंनी माऊसवरचा हात उचलला.

"काहून गं? एम. ए. झाली ना तू?"

त्यांनी ग्राफ पेपर पुन्हा पुढ्यात घेतला. मग म्हणाल्या, "मी पण विचारलंच नव्हतं. पाहिलं? म्हणून दुसरी सही."

हद्द बाजूला राहिली. काकूंनी कपाटातून स्वतःची बाहेरून जोडायची डिस्क आणली आणि कॉपी सुरू केली. एकोणीस फायली भराभर गेल्या. विसावी अडकली. लॅपटॉपमधून किट् किट् असा आवाज येऊ लागला. काकूंनी कान टेकवला.

"डिस्क जाऊन राहिली, बेटा. आज सरकवायला घेतली असती ना, तर अर्ध्यात गेली असती."

काकू काम करत राहिल्या. अडकलेली फाईल सोडली, आधी बाकीच्या काढल्या. मध्ये लॅपटॉप बंद करून थंड होऊ दिला. पोळीभाजी उभ्यानेच खाल्ली. चाळीस फायली आल्या. उरली विसावी. ते भय्यासाहेबांचं बोलणं होतं. त्या तिघांपैकी ते एक, जानेवारीतच गेले.

तीनदा प्रयत्न फसला. दरवेळी काकूंनी कागदावर वेळ लिहिली आणि थांबल्या. मी रडवेली झाले तेव्हा म्हणाल्या, "रडायचं तर तिकडे खिडकीत. इथं पाणी नको."

साडेपाचला चौथ्यांदा फाईल निघाली. आम्ही ती पूर्ण ऐकली. मध्ये अकरा सेकंद काहीच नाही, तेवढं डिस्कने खाल्लं होतं. मग भय्यासाहेब पुन्हा बोलू लागले.

मी श्वास सोडला. "चला, आता हद्द सरकवू या ना?"

"बिलकुल नाही."

"पण काकू, त्याच कामासाठी तर आले होते. आता फायली वाचल्या ना?"

"फायली वाचल्या, डिस्क नाही. जी चीज जाऊन राहिली तिच्यावर मी माझी रेघ नाही ओढत. नवी डिस्क घेऊन ये. तेव्हा पहिल्यापासून मापं घेऊ."

त्यांनी कागदावर 'काम थांबवलं' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि लॅपटॉप बंद केला. पंचवीस जीबीची माझी सिस्टम तुडुंब भरलेली तशीच राहिली. नकाशावरची हद्दही तुटकच राहिली.