पळून न गेलेला बिशप

आम्ही वसईचे ख्रिस्ती. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला राहायला आलो तेव्हा जवळचं चर्च ज्या संताचं होतं, त्याच्याबद्दल मी कधी ऐकलंही नव्हतं. फार जुन्या काळातला, कुठल्याशा छोट्या गावचा बिशप. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा तो गाव सोडून पळाला नाही, एवढीच त्याची माहिती उरलेली.

गेल्या वर्षी चर्चचं रिनोव्हेशन निघालं. वेदीशेजारी एखादा प्रसिद्ध संत बसवू, लोक तरी येतील, असं समितीने सुचवलं. बिशपचा लाकडी पुतळा तळघरात गेला.

त्याच सुमारास आई सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच रविवारी मिस्सा संपल्यावर तिने विचारलं, "हे देऊळ ज्याचं, तो कुठाय?"

मी तिला खाली नेलं. खुर्च्यांच्या चळतीमागे तो उभा होता, उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"स्वतःच्याच घरात अडगळीत टाकलंय गं ह्याला! समितीची मीटिंग कधी आहे?"

मीटिंगला ती खरंच उठून उभी राहिली आणि सरळ मराठीत बोलायला लागली. ऑफिसात गरजेपुरतंच तोंड उघडणारी मी, मला भाषांतर करावं लागलं. अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका. त्या शांतपणे म्हणाल्या, "पण त्याला कुणी ओळखतच नाही."

"मग बरंच की! मोठ्या संतांपुढे रांग असते. ह्याला आपल्यासाठी वेळ आहे."

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि हॉल हसला. मग कोण जाणे कसं, माझ्या तोंडून माझंच वाक्य निघालं, "जो जिवावर बेतलं तरी गाव सोडून गेला नाही, त्याला आपण घालवणार?"

एकेक हात वर होत गेला. शेवटचा हात अध्यक्षबाईंचा.

एका फिलिपिनो सुताराने नवी बोटं कोरून बसवली. फेस्ताच्या, म्हणजे त्याच्या सणाच्या दिवशी पुतळा चौघांच्या खांद्यावर निघाला. त्यातला एक खांदा माझा होता. पुढे आई, काठापदराच्या साडीत, मोठ्याने गात. रस्त्यावर गाड्या थांबल्या. एकाने काच खाली केली आणि अस्सल नागपुरी सुरात विचारलं, "काकू, कोणाची मिरवणूक आहे जी?"

"आमच्या बिशपची!" आई ओरडली. "जेवायला ये!"

तो गाडी लावून आला, आणि पोर्कचं सोरपोतेल दोनदा वाढून घेतलं.