तेरा प्रतींचा माल

सुनेच्या कॉम्प्युटरवर तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "हा आडवा का पडलाय?"

आमची सून साताऱ्याकडची. नायगावच्या फ्लॅटमध्ये बसून शेअरची खरेदी-विक्री करते. माझा गुडघा गेला म्हणून वसईची वाडी सोडून आम्ही नवरा-बायको तिच्याकडे राहायला आलो. गुडघा गेला, डोकं जागेवर होतं. मी रोज तिच्या खुर्चीमागे उभा राहायचो. शेवटी कंटाळून मुलाने माझ्या नावाने खातं उघडलं आणि वाडीतल्या नारळांचे पैसे त्यात टाकले. कागदावर मी झोकात सही केली. शाळा चौथीपर्यंतच, पण अंगठेबहाद्दर मी नाही, हे कागद घेऊन आलेल्या माणसालाही ऐकवलं.

पण बटण सुनेच्या हातात! ते काही मला पटेना. उभा जन्म बाजारात चिकू विकला, माझा सौदा दुसऱ्या कुणी केलेला नाही.

"बाबा, तक्ता वाचून दाखवा, बटण तुमचं," ती म्हणाली.

त्या तक्त्यात भाव उभे असतात, खालून वर चढत गेलेले. प्रत्येक भावासमोर इंग्रजी अक्षरांची आडवी रांग. टोकाला एखादंच अक्षर, मध्ये दहा-दहा. सगळा आकार पोट सुटलेल्या माणसासारखा. अक्षरं कसली ते तिने एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा माझं कानातलं मशीन चार्जिंगला होतं. मी मान डोलावली. परत विचारायची मला सवय नाही, आणि गरजही वाटली नाही. आमच्या चिकूच्या पेटीवर ए लिहिलं की मोठा माल, बी मधला, सी चिल्लर. एवढं इंग्रजी मला येतं.

शनिवारी बाजार बंद. सून, बायको आणि मी, तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. तक्ता आदल्या दिवसाचा, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरचा.

मी घसा साफ केला. "ए माल वरच्या भावाला गेलाय. रास्त आहे. पण हा एम बघ, ए च्या बरोबरीने विकलाय! घेणाऱ्याला चक्क फसवलंय. आणि पंपाच्या तेरा प्रती? आमच्याकडे तीनच असतात. निवडायला बायका तरी किती ठेवल्यात यांनी?"

सुनेने ओढणी तोंडावर धरली. खांदे हलत होते.

"बाबा, ए म्हणजे सव्वानऊ ते पावणेदहा. बी म्हणजे पुढचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ज्या ज्या भावाला सौदा झाला, तिथे ते अक्षर. प्रत नाही ती, वेळ आहे."

"झालं वाचून?" बायको म्हणाली. "चला आता वाटाणे सोलायला."

"मी तेच म्हणतोय," मी म्हटलं. "सकाळचा माल पहिल्या प्रतीचाच असतो. दुपारचा सुकलेला."

"अहो, शेअर सुकतो का?"

"विकत घे म्हणजे कळेल."

पण वेळ म्हटल्यावर मला सगळा बाजार डोळ्यांसमोर दिसला. उठून पडद्यावर बोट ठेवलं. "हे वरचं टोक. एकच अक्षर. कुणीतरी भाव ओरडला, एक-दोन गिऱ्हाइकं फसली, बाकीच्यांनी पाठ फिरवली. तो भाव नव्हे, नुसती आरोळी. आणि हे पोट. इथे लोक दिवसभर ठाण मांडून बसलेत. टोपल्या रिकाम्या झाल्या त्या इथे. खरा भाव पोटाचा."

सून हसायची थांबली. "बाबा, हे समजायला मला सहा महिने लागले."

"क्लास लावलास ना, म्हणून."

सोमवारी सकाळी खरेदीचं बटण असलेला सुनेचा फोन माझ्या हातात आला. उघडायला अंगठा टेकवायचा म्हणे. मी म्हटलं, सही देतो. ती म्हणाली, सही चालत नाही. पाच-सहा वेळा टेकवल्यावर त्याने कसाबसा माझा अंगठा ओळखीत घेतला.

मी ठरवलं होतं, पोटाच्या भावाला दहा शेअर. भाव दिवसभर वरच लटकलेला. मी हललो नाही, जेवलोसुद्धा तिथेच. पावणेतीनला, म्हणजे एल लागला तेव्हा, भाव उतरायला लागला आणि तीन वाजून दहा मिनिटांनी पोटाशी आला. मी बटण दाबायला गेलो तर फोन मिटलेला. अंगठा मागू लागला.

कुदळीने आणि कोयत्याने झिजलेला अंगठा, रेघ नावाला नाही. लावला. पुन्हा प्रयत्न करा. लुंगीला पुसून लावला, थुंकी लावून लावला, डावा लावला. जन्मात कुठे अंगठा दिला नव्हता, त्या दिवशी वीसेक वेळा दिला.

"सही करून बघा ना," बायको म्हणाली.

"पोरी, अंगठा दे!" मी ओरडलो.

सून थालीपिठाचं पीठ मळत होती. धावत आली, पण तिचा पिठाळ अंगठाही त्याला चालेना. ती हात धुऊन येईपर्यंत भाव पोट सोडून वर निघाला होता.

"बाबा, अजून दहा मिनिटं आहेत. वरच्या भावाला घेऊ का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन वाजून गेले होते, तक्त्यावर शेवटचं अक्षर लागलं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "एम प्रतीचा माल मी घेत नाही."