भट्टीकाकांचे बिनगव्हाचे मफिन

भट्टीकाकांना बाकी काही कळत होतं की नाही याबद्दल गल्लीत दुमत होतं. पण आपल्याला पीठ कळतं, याबद्दल काकांचं स्वतःशी पक्कं एकमत होतं. उभा जन्म बेकरीत गेला. भुवयांवर बसलेला मैदा आणि वयाने आलेला पांढरेपणा यांत फरक करणं काकूंनी केव्हाच सोडून दिलं होतं. निवृत्त झाले तेव्हा मालकाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांच्या जागी यंत्र आणलं. "यंत्राला अंगठा असतो का? पीठ कळतं ते अंगठ्याला!" असं काका त्यानंतर भेटेल त्याला विचारत. उत्तर कोणीच दिलं नाही, कारण उत्तर द्यायचं तर थांबावं लागलं असतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका नातीला गहू बाधावा, ही थट्टा कोणी केली ते एकदा शोधायला हवं. नातीचं लाडाचं नाव ठकी. पुढचे दोन दात पडलेली, बोलताना मधूनच हवा सोडणारी. तिचं पोट सारखं दुखायचं, वजन काही वाढेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी निकाल दिला, ग्लुटेन कायमचं बंद. ग्लुटेन म्हणजे गव्हातला तोच चिवटपणा, जो पिठात आणण्यासाठी काकांनी आपले दोन्ही खांदे खर्ची घातले होते.

"म्हणजे माझा आख्खा जन्मच त्या पोरीला बाधक!" काका भडकले.

"असं कोण म्हणतंय?" काकूंनी विचारलं.

"तो मिसरूड न फुटलेला डॉक्टर म्हणतोय. आमच्या वेळी कुठे होतं हे ग्लुटेन?"

"होतं की. तुम्हीच तर विकत होतात."

यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. काकांनी प्रयोग केला. एका रविवारी ठकीला गच्चीवर नेऊन, डॉक्टरला खोटं पाडण्याच्या उदात्त हेतूने, बेकरीतला ताजा बन खाऊ घातला. डॉक्टर काही खोटा पडला नाही. ठकी मात्र आठवडाभर आडवी पडली. सूनबाईंनी घरातला डबान् डबा हुंगला आणि तोंडावर विचारलं, "बाबा, तुम्ही तिला काही दिलंत का?"

"मी? छे!" काका इतक्या ठामपणे म्हणाले की क्षणभर त्यांचं त्यांनाच खरं वाटलं.

शेवटी ठकीनेच भांडं फोडलं. "आजोबांनी बन दिला. आणि सांगू नको म्हणाले."

झालं. तेव्हापासून मुलगा आणि सून रविवारी यायचे ते आपला डबा घेऊन. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. सूनबाई पूर्वीसारखंच "बाबा, गुडघा कसा आहे?" विचारायच्या आणि उत्तर पुरतं ऐकूनही घ्यायच्या, ज्याला धैर्य लागतं. पण काकांनी साधं केळं सोलून पुढे केलं तरी ठकी हात मागे घ्यायची. "नको आजोबा. तुमच्या हातचं नको." पोर अगदी सरळ मनाने सांगायची, म्हणून जास्त झोंबायचं. काका "बरं, बरं" म्हणत गॅलरीत जायचे आणि दोरीवरचे टॉवेल वाळलेत का ते बघत उभे राहायचे. वाळलेले टॉवेल इतका वेळ कोणी बघत नाही.

एके दिवशी फळवाल्याकडे काळी पडलेली केळी पाहिली आणि काकांच्या डोक्यात किडा वळवळला. तांदळाच्या पिठाचे केळ्याचे मफिन करायचे आणि ठकीला आपल्या हातचं खाऊ घालायचं! लगेच फोन लावला. 

"चालेल बाबा," सूनबाई म्हणाल्या. "पण भांडी नवी, साचा नवा, आणि त्या दिवशी घरात गव्हाचं काहीही नको."

"अगं, तुला स्वयंपाकघर हवंय की ऑपरेशन थिएटर?"

"मागच्या वेळी तुम्ही 'मी? छे!' म्हणाला होतात," सूनबाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या. काकांना सगळ्या अटी एकदम पटल्या.

तांदळाच्या पिठाशी मात्र त्यांचं सूत जुळेना. ते मळायचं नसतं. आता मळायचंच नाही तर माणसाने हातांचं करायचं काय? नुसतं ढवळायचं आणि बाजूला व्हायचं, हा काकांना स्वतःचा अपमान वाटला. त्यातून ते पीठ एकत्र धरून राहीना. शेजारच्या नर्सबाईंनी सुचवलं, इसबगोल घाला, धरून ठेवेल. काका औषधाच्या दुकानात गेले. मोठं पाकीट मागताच दुकानदाराने सहानुभूतीने मान हलवली.

"कोमट पाण्यातून घ्या काका. आणि सकाळी थोडं चालत जा."

"मला मफिनमध्ये घालायचंय!"

"कशातूनही घ्या हो. मोकळं झाल्याशी कारण."

पहिला घाणा नर्सबाईंकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, एक दाराशी ठेवलाय. आता ते वाऱ्याने आपटत नाही." पुढचा घाणा मधोमध असा खचला की त्यात पाणी घालून पाखरांना ठेवता आलं असतं. त्यानंतरच्याला मात्र रंग आला. काकूंनी एक खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. संसारात काकांना मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

रविवार उजाडला. घरातले पिठाचे सगळे डबे नर्सबाईंकडे हद्दपार झाले. ओटा धुतला, ओव्हन आतून पुसला. काकांनी केळी कुस्करली, अंडी फेटली, पीठ कालवलं, नवा साचा भरला. घरभर केळ्याचा गोड वास सुटला, आणि मफिन असे टम्म फुगले की काकूंना टोमणा सुचेना.

मंडळी आली. सूनबाईंनी ओट्यावरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं. "छान झालेत हं बाबा." मग त्यांनी ठकीकडे बघून मान हलवली. ठकीने आजोबांच्या हातून मफिन घेतला आणि तो न्याहाळायला उंच धरला. बाकीचे तिच्या तोंडाकडे बघत होते. काका बघत होते मफिनच्या बुडाकडे, कारण बेकरीवाला माल तपासतो तो बुडाकडूनच. बूड छान तांबूस होतं. कडेने एक बारीक पांढरी किनार होती.

काका वाकले, पुन्हा निरखून पाहिलं. मैदाच!

साच्याला लोणी फिरवलं की वर मैदा भुरभुरायचा, म्हणजे माल सुटा निघतो. हे काम त्यांच्या हाताने इतक्या वेळा केलं होतं की डोक्याला विचारायची पद्धतच उरली नव्हती. त्यासाठी टाल्कम पावडरची एक जुनी डबी होती, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत मैदा भरलेली. सगळं पीठ शेजारी गेलं तेव्हा ही डबी लोण्याच्या ब्रशाशेजारी जिथल्या तिथे राहिली. ती हलवायचं ना काकांना सुचलं, ना काकूंना. दोघांच्या लेखी ते पीठ नव्हतंच. ते हत्यार होतं.

ठकीने आ वासला. काकांनी झडप घालून मफिन हिसकावला.

"अहो!" काकू ओरडल्या. "पोरीच्या तोंडचा घास काय ओढता?"

"गरम आहे," काका म्हणाले.

"गार झालाय," ठकी रडवेली झाली. "मी हात लावला ना."

सोपं होतं. स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप बुडं तासायची, ताटलीत नीट मांडून आणायचे आणि "आता झाले गार" म्हणायचं. काकांनी सुनेकडे पाहिलं.

"साच्याला मैदा लावलाय," ते म्हणाले. "मीच. हाताने लावला गं, मला कळलंसुद्धा नाही."

मुलाने कपाळावर हात मारला. ठकीने भोकाड पसरलं. तिला मैद्याशी नाही, मफिनशी कर्तव्य होतं. काकू म्हणाल्या, "घ्या! आणि म्हणे यंत्राला काही कळत नाही."

सूनबाई मात्र सासऱ्यांकडे बघत होत्या. "बाबा, आम्हाला कोणाला दिसलं नव्हतं."

"मला दिसलं ना."

त्या उठल्या. पदर खोचावा तशी त्यांनी ओढणी कमरेला बांधली. "केळी उरलीत का?"

मग हुकूम सुटले. मफिन नर्सबाईंकडे रवाना झाले. साचा, ब्रश, डबी सगळं गॅलरीत गेलं. काकांनी कोपरापर्यंत हात धुतले, सदरा बदलला. ओटा आणि ओव्हन पुन्हा पुसले गेले. सूनबाईंनी कपाटातल्या कोऱ्या स्टीलच्या वाट्या काढून त्यांना स्वतः तेल लावलं. काकांनी पीठ कालवलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"तेल कडेला जरा..."

"बाबा."

"छे, मी कुठे काय म्हणालो!"

हा घाणाही फुगला, रंगला, आणि वाट्यांना असा चिकटला की सुरी झाली, चमचा झाला, एक मफिन आख्खा निघेल तर शपथ. असला माल काकांनी बेकरीच्या मागच्या दारानेही बाहेर जाऊ दिला नसता. त्यांनी एक वाटी घेतली, चमच्याने खरवडून ढेकूळ काढलं, फुंकर घातली आणि ठकीसमोर धरलं.

ठकीने आईकडे पाहिलं. आई दुसरी वाटी खरवडण्यात गुंतली होती. तिने मान वर केलीच नाही.

ठकीने घास घेतला. चावला. विचार केला.

"कसा झालाय?" काकांनी हळूच विचारलं.

"फुटलाय," ठकीने निकाल दिला आणि पुन्हा आ केला.

काकांनी चमच्याच्या टोकावर जपून चिमूटभर तुकडा काढला. "अहो, मोठा घास द्या जरा," मागून काकू म्हणाल्या. "घरचंच पोर आहे, गिऱ्हाईक नव्हे."