पट्टा अजून ओला आहे

इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे इस्त्रीवहिनी म्हणत. हे नाव तिच्या दिराने ठेवलेलं. तो इस्पितळाची गाडी चालवायचा आणि नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इस्त्री तापली की नाही हे वहिनी बोट ओलं करून, टिचकी मारून ओळखायची. चरचर ऐकली की पुरे. तापण्याशी तिचं नातं जुनं होतं. तिच्या माहेरची आणि सासरचीही माणसं पिढ्यान्‌पिढ्या माळावरचं गवत जाळत आलेली.

गवत जाळणं म्हणजे आग लावून मोकळं होणं नव्हे. उन्हाळ्यात वाळल्या माळावर ठिणगी पडली तर आग झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढते, मग तिला माणूस दिसत नाही की घरटं. म्हणून पावसाळा सरला की, गवत अर्धं हिरवं असतानाच, ही माणसं माळ तुकड्यातुकड्याने जाळून ठेवत. संध्याकाळी लावलेली आग गुडघाभर उंचीने, म्हाताऱ्यासारखी कुरकुरत पुढे सरकायची आणि दव पडलं की आपली आपण निजायची. ससे, सरडे सावकाश बाजूला होत. पुढे उन्हाळ्यात मोठी आग आलीच, तर तिला सलग खायला काही उरत नसे.

प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला. दुसऱ्याच्या पट्ट्यात काडी ओढायची नाही. गवत तयार आहे की ओलं, हे त्या घरच्या माणसाने सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. विश्वासावरच सगळा माळ उभा होता.

नवरा गेल्यावर इस्पितळामागचा पट्टा तिच्याकडे आला. त्या वर्षी कुणी जाळण्याचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षी काढला, तेव्हा तिने मूठभर गवत चुरगाळलं आणि ओलं आहे म्हणून सांगितलं. यंदाही तेच. बाकीचा माळ काळा होऊन त्यावर कोंबसुद्धा फुटले, हा एक पट्टा मात्र माणूस बुडेल एवढा वाढलेला. त्याच्या पलीकडे लगेच बाळंतिणींची खोली.

पट्ट्यातून नवऱ्याची पायवाट जात होती. तो रोज संध्याकाळी गवत बघून यायचा. आता ती कामावरून सुटली की त्या वाटेने जायची, दोन्ही बाजूंचं गवत खांद्याला घासायचं, आणि पुढे कुणी चाललं आहे असं तेवढ्यापुरतं वाटायचं. गवत जळालं तर उघड्या माळावर काय उरणार? घासायला काहीच नाही.

दिराला हे कळत होतं. थट्टा करूनच तो बोलायचा, कारण सरळ बोलणं त्याला जमत नसे. एकदा म्हणाला, वहिनींच्या पट्ट्यात आता मासे सोडावेत, एवढं ओलं आहे ते. ती हसली नाही. मग तोही गंभीर झाला.

“वहिनी, माझ्या तोंडून नाही जायचं कुणाकडे. पण गवताला कसं गप्प बसवणार?”

“भाऊजी, तुम्ही गाडी बघा,” ती म्हणाली.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी ती धुलाईघरामागे चादरी वाळत घालत होती. शेवटची चादर दोरीवर टाकून वळली, तर पहिली वाळून खडखडीत झालेली. तिने दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. वारा फिरला होता. काल-परवापर्यंत चादरींना दुपार पुरत नव्हती. भिंतीपलीकडे बाळंतिणींच्या खोलीत एक मूल नव्या गळ्याने ओरडत होतं, आणि तिच्या हातात कोरडी चादर होती. आता खोटं बोलायलाही सवड उरली नव्हती. अजून थोडे दिवस, की या गवताला हळू जळता आलं नसतं.

आत जाऊन तिने इस्त्री बंद केली आणि दिराला निरोप धाडला.

इतक्या वाढलेल्या गवताला एकदम काडी लावून चालणार नव्हतं. शेजारच्या पट्ट्यांतल्या माणसांनी इस्पितळाच्या बाजूने गवताची कड कापून दिली. एकानेही टोमणा मारला नाही, हेच तिला जास्त लागलं. ऊन उतरल्यावर तिने वाऱ्याच्या उलट्या अंगाने काडी ओढली. आग कंबरेएवढी उठली, बिचकली, मग खाली बसून चालू लागली. ती आगीच्या कडेकडेने चालली. दीर हिरवी फांदी घेऊन मागे.

धूर विरळ झाला तेव्हा काळ्या जमिनीवर पायवाट फिकट रेघेसारखी उमटली होती. तुडवून तुडवून कठीण झालेली माती. तिच्यावर जळायला काही नव्हतंच. त्या रेघेला मध्येच एक फाटा फुटला होता. गवताने तो झाकून टाकला होता, त्यामुळे तिने कधी पाहिला नव्हता. फाटा एका वारुळामागे जाऊन संपत होता. तिथे पत्र्याची एक डबी पडलेली, धुराने काळवंडलेली.

तंबाखूची डबी. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू सोडली होती.

ती दिराकडे बघत राहिली. दीर फांदीची पानं मोजत असल्यासारखा खाली बघत होता.

“दादाने शपथ घातली होती,” तो शेवटी म्हणाला.

“आणि मी चहा झाकून ठेवायचे. माणूस गवत बघायला गेलाय म्हणून.”

“गवतही बघायचा की. बसल्या बसल्या.”

तिला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग जे यायचं तेही आलं. लबाड मेला, असं ती पुटपुटली. मग आपण दोन वर्षं काय सांगत आलो ते तिला आठवलं.

मागे आग दवात बसत चालली होती. डबी अजून गरम होती. तिने बोट ओलं केलं, टिचकी मारली, आणि डबी निवेपर्यंत तिथेच उभी राहिली.