बाबांच्या बंदुकीवरची दुर्बीण

पोलादपूरच्या डोंगरात आमची वाडी. तिथल्या वरी-नाचणीची राखण बाबांकडे. छऱ्याची बंदूक घेऊन ते माकडं हाकलतात. पण यंदा त्यांनी बंदूक खुंटीवरून काढलीच नाही. "लांबचं काय दिसत नाय गो," एवढंच म्हणायचे. राखण दुसऱ्या कोणाला द्या, अशी कुजबुज सुरू झाली आणि बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं. माझा जीव तुटत होता आणि डोकंही फिरलं होतं. म्हटलं, बंदुकीला दुर्बीणच बसवते, बघू कोण राखण काढून घेतो ते!

मी महाडला एमआयडीसीत लॅबमध्ये. दुर्बिणीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी मोबाइलवरून सगळ्यात मोठी, आत लाल दिवा लागणारी मागवली. तिचा माउंट, म्हणजे तिला बंदुकीवर धरून ठेवणारी पकड, रुंद आणि बंदुकीवरची खाच अरुंद. बसतोय कसला! आमच्या प्लांटमधला फिटर बंदुकांच्या नादातला. तो पोट धरून हसला.

"ताई, आधी खाच मोजायची, मग माउंट घ्यायचा. आणि ही भपकेबाज परत करा. छऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग पुढूनमागून दणके देते, ही महिन्यात खिळखिळी होईल. चार पट मोठं दाखवणारी साधी घ्या, छऱ्याच्या बंदुकीसाठीच केलेली. वाचलेले पैसे माउंटवर घाला. दोन सुट्या कड्या नकोत, अखंड घ्या, म्हणजे सरकणार नाही."

मी निमूट ऐकलं. माझ्या बाबतीत हे नवलच.

रविवारी नवी, साधी दुर्बीण चढली. "ह्या नळकांड्यात काय बघू?" म्हणून बाबा कुरकुरले. मी दुर्बिणीची डोळ्याकडची कडी त्यांच्या नजरेला जुळेपर्यंत फिरवली, तशी स्वारी एकदम ओरडली, "अगो, आंब्याचं पान न् पान दिसतंय!"

मग शेतावर निम्मी वाडी आमच्या मागे येऊन उभी राहिली. माकडं उतरली. बाबांनी सावकाश नेम धरला. ठण्ण! छरा गेला तो शेतातल्या खोपीच्या पत्र्यावर. माकडं पार पलीकडच्या उताराला पळाली, पण लोकांना हसू आवरेना. "दुर्बीण लावून पण पत्राच!" बाबांचा छरा माकड सोडून पत्र्याला लागतो, ही वाडीची जुनी थट्टा.

परतताना मी भडकले. "एवढी धावपळ केली, आणि चारचौघांत नाक कापलंत माझं!"

बाबा मिशीत हसत होते. "पत्र्यालाच मारतो मी, पयल्यापासनं. आवाजानं पळतात ती. लागायला कशाला हवं?"

"मग इतके दिवस बसून का होतात? पत्रा वाजवायला कसली आलीय नजर?"

बाबा थांबले. हसू गेलं होतं.

"पत्रा दिसत नव्हता गो. चुकून छरा पोटाशी पोर असलेल्या माकडिणीला लागला असता तर?"