लूपच्या आतली एक ओळ

बातमी हिंदीत आली. शाळेच्या चपराशाचा फोन होता, "दीदी, सुषमा मैडम क्लास में गिर गईं, आप जल्दी आ जाओ." मी माझ्या शिवणाच्या दुकानात मशीनवर युनिफॉर्मची बाही लावत होते. ती तशीच सोडून स्कूटर काढली. रिसालीतल्या तिच्या शाळेत पोचले तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं, आणि दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. छातीत दुखतंय असं ती आठवडाभर म्हणत होती. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की "गॅस आहे वं" म्हणून ओवा चघळायची. कॉम्प्युटर शिकवणारी बाई, आणि इलाज ओव्याचा! त्याचा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात तो आणखी वाढला. सेक्टर दोनमधल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एकामागून एक उठून सांगत होते की सुषमाताई शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, समाजाच्या शब्दाबाहेर नव्हत्या. मला वाटलं, मी चुकीच्या हॉलमध्ये आले की काय... आम्ही दोघी याच सेक्टरमध्ये, एकाच रांगेतल्या क्वार्टरांमध्ये वाढलो. दोघींचे वडील भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात, पोलादाच्या प्लांटच्या नोकरीसाठी आलेले. ती शांत कधीच नव्हती. नळावर भांडायची, शाळेत भांडायची, आणि याच हॉलमध्ये, ज्या खुर्च्यांवर बसून हे लोक तिला मनमिळाऊ म्हणत होते, तिथे तर फारच भांडलेली. भांडणाचा विषय होता मंडळाच्या वेबसाइटवरचं वधू-वर परिचयाचं पान.

ते पान आधी कोणीतरी हातानं बनवलेलं होतं. प्रत्येक मुलामुलीसाठी वेगळी पेटी, म्हणजे माहितीची चौकट. आधीची पेटी उचलायची, खाली चिकटवायची आणि आतला मजकूर बदलायचा. बदलायला विसरलं की तमाशा. दुर्गच्या एका पोराच्या फोटोखाली कित्येक महिने 'नर्सिंग, शिवणकामाची आवड' असं झळकत होतं. त्याची आई मंडळात येऊन ओरडली, "माहा पोरगा रेल्वेत आहे, त्याले सुईत दोरा टाकता येत नाई!" सुषमानं ते पान मोडून नव्यानं बांधलं. तिनं एकच पेटी लिहिली. तिच्या वर एक ओळ, की यादीतल्या प्रत्येक माणसासाठी हे कर. खाली एक ओळ, की इथे संपलं. मधे महिरपी कंसांत नाव, शिक्षण, नोकरी, गाव यांच्या नुसत्या जागा; जी भरली नाही ती पानावर दिसतच नसे. यादीत जितकी माणसं तितक्या पेट्या, आपोआप. याला लूप म्हणतात, हे तिनं मला तिच्या घरी चहा पिता पिता सांगितलं. "तुह्या पुठ्ठ्याच्या नमुन्यावानी आहे, रंजे. नमुना एक, शर्ट पाहिजे तेवढे."

"अन् नमुन्यात गळाच चुकला तर?"

"तर सगळ्यायचेच गळे चुकले. म्हणून तर आत काय लिवायचं ते पाहूनच लिवा लागते."

पाहून म्हणजे कसं, तेही तिनं शिकवलं. मुलामुलींची माहिती भरायला मी तिला मदत करायचे, त्यामुळे तिची पद्धत रोज डोळ्यांसमोर होती. काहीही बदललं की ते लोकांना दिसायच्या आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती यादीत एक खोटा माणूस घालायची, ज्याची एकही जागा भरलेली नसे. त्याला ती कोरा भाऊ म्हणायची. "डॉक्टर-इंजिनीअरची पेटी तर चांगलीच दिसते. आपण कोऱ्या भावाले पाहायचं. ज्याच्यापाशी सांगायले काहीच नाई, त्याच्या नावानं आपलं पान काय बोलून राहिलं?" काही वावगं दिसलं तर आधी ते दुरुस्त व्हायचं. मग कोऱ्या भावाला पुसायचं आणि पान पुढे जायचं.

पहिलं भांडण रंगावरून झालं. जुन्या पानावर मुलींच्या नावाखाली 'वर्ण' अशी ओळ होती. गोरा, निमगोरा, सावळा. मुलांच्या नावाखाली नव्हती. सुषमानं ती लूपमधून काढली. एक ओळ पुसली आणि सगळ्या पोरींच्या नावाखालचा रंग एका झटक्यात गेला. मी शेजारी बसले होते. ती खुर्चीत मागे रेलून इतकी मोठ्यानं हसली की स्वयंपाकघरातून तिची मुलगी पल्लवी बघायला आली. लोकांनी तक्रारी केल्या, थकले, गप्प बसले.

दुसरं भांडण मात्र मिटलं नाही. गणवीरभाऊ आमचे सचिव, रोलिंग मिलमधून रिटायर झालेले, भाषण करायला सदा तयार. त्यांना पेटीत 'पोटजात' हवी होती. हॉलच्या भिंतीवर धम्मदीक्षेच्या, जात सोडल्याच्या बावीस प्रतिज्ञांचा फलक आहे. त्याच्याच खाली बसून ते म्हणाले, "एकच तर ओळ आहे, सुषमाबाई. लोकं फोनवर विचारूनच राहिले. आपण लिवलं तर त्यायचा त्रास वाचते."

"लूपमधी एक ओळ एकाची नसते, भाऊ. सगळ्यायच्या नावाखाली छापून येते."

"ज्याले नाई सांगायचं त्यानं रिकामं ठेवावं ना!"

"रिकामं ठेवलं तरी 'पोटजात' हा शब्द तर दिसनच ना? अन् त्याच्यापुढं कोरी जागा. मंग लोकं म्हणतीन, हा काऊन लपवून राहिला? मले जमत नाई. तुमाले पाहिजे तर दुसरी बाई पाहा." असं म्हणून पर्स उचलून ती निघून गेली. दुसरी बाई फुकट काम करणारी मिळाली नाही, म्हणून पान तिच्याकडेच राहिलं.

सुषमा जाऊन महिनाही उलटला नाही, तोच पल्लवीचा फोन आला. "मावशी, पान बघितलं का? माझ्या नावाखाली ये क्या आ गया?" पल्लवीची स्वतःची पेटी त्या पानावर आहे, आईनंच घातलेली. मी फोनवर उघडलं. पल्लवीचं नाव, शिक्षण, नोकरी, आणि त्याखाली 'पोटजात', पुढे दोन टिंबं आणि कोरी जागा. खाली सरकत गेले. सगळ्यांच्या नावाखाली तेच. सुपेल्यातल्या कोणा कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडून गणवीरभाऊंनी ओळ टाकून घेतली होती. ज्या बाईनं जिवंतपणी ती येऊ दिली नाही, तिच्याच मुलीच्या नावाखाली ती छापली होती! आणि त्याच पानाच्या डोक्यावर सुषमाचा हार घातलेला फोटो, 'मंडळाची अपरिमित हानी'...

रविवारी मी पल्लवीला घेऊन हॉलमध्ये गेले. गणवीरभाऊ म्हणाले, "तुमी शिवणकामवाल्या, तुमाले वेबसाइटचं काय समजते?"

"नमुना समजते," मी म्हटलं. "चुकीचा नमुना मी ग्राहकाच्या अंगावर नाई चढवत. तुमी साऱ्या समाजाच्या पोरायवर चढवला."

ते हसले. पण मागच्या खुर्चीवरून कोणीतरी उठलं. तीच, रेल्वेतल्या पोराची आई. ती कोणाची भीड धरत नाही. म्हणाली, "आमचं रिकामं पाहून फोन आला, भाऊ. 'काऊन लपवता जी?' म्हणे. आमच्या बुढ्यानं जात टाकली ती का मी आता उचलून घरात आणू?" गणवीरभाऊंनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

त्या हॉलमधल्या पुढच्या बैठका मला माहीत आहेत. आम्ही तिथूनच थेट रिसालीला, पल्लवीच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत सुषमाचा कॉम्प्युटर तसाच आहे, खुर्चीवर मी शिवून दिलेली गादी, कीबोर्डच्या फटींत ओव्याचे दाणे. पासवर्ड पल्लवीला माहीत होता. पान उघडलं. वर 'प्रत्येकासाठी हे कर', खाली 'इथे संपलं', आणि मधे ती ओळ, सुषमाच्या नेटक्या ओळींत वाकडी घुसवलेली. पल्लवीचा हात थांबला. "मावशी, ते परत टाकतील."

"मंग आपण परत काढू. काढ."

तिनं ती पुसली.

संध्याकाळी गणवीरभाऊंचा फोन आला, "तुमाले अधिकार कोणं देला?" मी फोन पल्लवीला दिला. ती शांतपणे म्हणाली, "अंकल, आईनं." आणि ठेवून दिला.

पण त्याआधी, पान लोकांना दिसायला सोडण्यापूर्वी, पल्लवी यादीत गेली आणि एक नवा माणूस घातला, ज्याची एकही जागा भरली नाही. आम्ही दोघी पुढे झुकलो. सगळ्यांच्या खाली त्याची पेटी आली. इतरांच्या एवढीच, तशाच काठाची. आत एक शब्द नव्हता.

"ठीक आहे," पल्लवी म्हणाली, आणि कोऱ्या भावाला पुसलं.

ओळ परत येईल, हे मी धरून चालले आहे. दुकान बंद केलं की मी रोज ते पान बघते.